बटाट्याच्या बांधापलीकडचे गोरिला

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की पाटल्या करायच्या म्हणून आम्ही दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होतो. ते सगळे रवांडाला जाऊन गोरिला बघण्यात गेले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. एका माणसाचं परमिट १५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर, आणि तेवढ्यात गोरिलांजवळ थांबायला मिळतो फक्त एक तास. घरात ऐकून सगळे गप्पच झाले होते. पण हा पैसा जातो कुठं ते तिथं बघितलं आणि माझं मत पक्कं झालं, म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसलेय.

आम्ही राहतो बेळगावात पण शेती जांबोटीच्या बाजूला, खानापूर तालुक्यात. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं ते आमच्या तिकडंच. गवे, रानडुकरं आणि अलीकडं दांडेलीकडून येणारे हत्ती, यांच्यापायी भात पोटरीला आलं की रात्र रात्र माळ्यावर बसून डबे वाजवायचे हे आमच्याकडं घरोघरी चालतं. त्यामुळं मला गोरिलांइतकीच त्या जंगलाच्या कडेला शेती करणाऱ्या लोकांची उत्सुकता होती.

शनिवार : किगाली ते मुसांझे

पुतण्या किगालीत नोकरीला आहे, त्याचं कधीपासून चाललेलं "काकू, ये की गं एकदा". जुलैत रोप लागण आटोपली आणि आम्ही निघालो. मुंबईहून अदिस अबाबा आणि तिथून किगाली, शुक्रवारी रात्री पोचलो.

निघायच्या आधीच त्यानं फोनवर चार वेळा बजावलं होतं, "काकू, प्लास्टिकची एकपण पिशवी आणू नकोस, इथं एअरपोर्टवरच काढून घेतात." रवांडात २००८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती नुसती कागदावर नाही. म्हणून शेंगाची चटणी स्टीलच्या डब्यात, भडंग कापडी पिशवीत, कुंदा पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये असं सगळं भरलं. आणि खरंच सांगते, पुढं सगळीकडं फिरलो पण गटारात, बांधावर, झुडपाला अडकलेली अशी पिशवी कुठं नजरेला पडली नाही.

शनिवारी सकाळी लवकर निघायचा बेत होता पण निघता आलं नाही, कारण तो महिन्यातला शेवटचा शनिवार होता. त्या दिवशी सकाळी ८ ते ११ तिथं उमुगांडा असतो. सगळ्या देशानं सार्वजनिक कामाला बाहेर पडायचं, दुकानं बंद, रस्त्यावर गाड्या जवळजवळ नाहीतच. पुतण्याच्या गल्लीत लोक कुदळ, फावडी, कोयते घेऊन आले होते. कोण चर उकरतंय, कोण रस्त्याकडेचं गवत कापतंय, त्यात बँकेत काम करणारा माणूस आणि त्याच्या घरी भांडी घासणारी बाई शेजारी शेजारी. मला नुसतं बघत उभं राहवेना. एका आजीच्या हातातली कुदळ मागून घेतली आणि चर ओढायला लागले. आजी आधी नको नको म्हणत होती, मग माझा हात चालतोय बघून मोठ्यानं हसली आणि बाकीच्या बायकांना हाका मारून दाखवायला लागली. भाषा एकमेकींची कळत नव्हती पण माती कुठं टाकायची एवढं कळत होतं. काम झाल्यावर सगळे तिथंच बसून वस्तीच्या अडचणींवर बोलतात, पुतण्या म्हणाला ही बैठकपण त्यातलाच भाग.

अकरानंतर गाडी काढली, गोरिलांच्या उद्यानाजवळच्या मुसांझेला जायला. किगाली ते मुसांझे साधारण शंभर किलोमीटर, दोन-अडीच तास, रस्ता गुळगुळीत पण सारखा वळणावळणाचा. डोंगराच्या उतारावर शेवटपर्यंत शेती, एक वाफा मोकळा नाही. वाटेत एका टपरीवर आलं घातलेला दुधाचा चहा मिळाला, थर्मासभरून, आणि नवऱ्याची कळी खुलली. मुसांझे जवळ आलं तसे ढगातून एकेक ज्वालामुखी दिसायला लागले. विरुंगा पर्वतरांगेत असे आठ मोठे ज्वालामुखी, त्यातले पाच रवांडाच्या बाजूला. कारिसिंबी सगळ्यात उंच, ४५०७ मीटर. मग बिसोके, साब्यिन्यो, गाहिंगा, मुहाबुरा. हे पाचही शांत आहेत. जागे आहेत ते पलीकडं काँगोत, त्यातला न्यिरागोंगो २०२१ च्या मे महिन्यात फुटला होता.

जायचं असेल तर काही गोष्टी आधी करा. पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच घ्या आणि निघायच्या किमान दहा दिवस आधी, कारण परत भारतात उतरताना ते पिवळं कार्ड विचारतात. डॉलरच्या नोटा नव्या छापाच्या न्या, जुन्या घेत नाहीत. स्वेटर हवाच, विषुववृत्ताजवळचा देश म्हणून फसू नका, उद्यानाला लागून असलेल्या किनिगीला रात्री दोन ब्लँकेट पुरली नाहीत.

रविवार : सोनेरी माकडं आणि दगडी भिंत

सकाळी ७ ला व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानाच्या किनिगीतल्या ऑफिसात हजर व्हावं लागतं. तिथं कॉफी मिळते, ढोल वाजवत नाच चालू असतो, आणि कोणाला कुठल्या गटात घालायचं ते ठरतं. आज आमचं गोल्डन मंकीचं परमिट होतं, १०० डॉलर. ज्यांना गोरिला परवडत नाही त्यांनी हे तरी बघावंच.

चालायला सुरुवात केली ती थेट बटाट्याच्या शेतातून. काळीभोर भुसभुशीत माती, उंच सरी, पांढरी-जांभळी फुलं. मी गाईडला म्हटलं आमच्या बेळगावचापण बटाटा आणि रताळी नावाजलेली आहेत, तर तो थांबून विचारायला लागला की पेरणी कधी, बी कुठून आणता, पाणी किती. त्यांचा बटाटा वर्षातून दोनदा तरी निघतो. मधे मधे पांढऱ्या फुलांचे पट्टे होते. ते पायरेथ्रम, शेवंतीच्या जातीचं, त्याच्या फुलांपासून कीटकनाशक करतात. याच पिकासाठी १९६९ च्या सुमाराला उद्यानाची खूप मोठी जमीन तोडून लागवडीला दिली. हे उद्यान १९२५ सालचं, आफ्रिकेतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, आणि आता उरलंय ते साधारण १६० चौरस किलोमीटर. भीमगड अभयारण्य १९० च्या आसपास आहे, म्हणजे आपल्यापेक्षाही लहानच. ऐकून मला आश्चर्य वाटलं.

शेत संपलं की एक दगडी भिंत. छातीपर्यंत उंच, चुना नाही सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड रचलेला, आणि ती उद्यानाच्या कडेकडेनं लांबच लांब गेलीय. जंगलातल्या म्हशी शेतात येऊ नयेत म्हणून. मी एक दगड हातात घेतला. काळा, बारीक बारीक भोकांचा, काही भोकांत माती बसून त्यात शेवाळ आलेलं. ती भोकं म्हणजे लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे. आपल्या दख्खनच्या लाव्हाचं शेवटचं दक्षिण टोक बेळगावच्या आसपासच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. तिथला दगड त्यामानानं कालचा. तरी असाच भोकाचा दगड आमच्या विहिरीच्या कडेला पडलेला आहे, म्हणून मी तो बराच वेळ हातात धरून बघत बसले. नवरा म्हणाला, "चल गं, माकडं जातील."

माकडं कुठं जातायत, भिंत ओलांडून तीच शेतात आली होती! पाठीवर केशरी-सोनेरी केस, हातपाय काळे, गाल फुगलेले. बांबूच्या बनातून दहा-पंधरा जण एकदम उतरले, बटाटे उकरले, दोन हातात एकेक घेऊन परत भिंतीवर जाऊन बसले. शेतकरीण तिथंच खुरपत होती. तिनं एकदा मान वर करून बघितलं आणि परत कामाला लागली. मी गाईडला विचारलं की ह्या बाईला राग येत नाही का. तो म्हणाला येतो की, पण तिचा मुलगा ट्रॅकर आहे, ह्याच माकडांच्या मागे फिरायचा त्याला पगार मिळतो.

सोमवार : गोरिला

रात्री झोप लागलीच नाही. सकाळच्या माहितीत सगळं नीट समजावून सांगतात. एका गटाला दिवसात आठच माणसं, एकच तास, लांबून बघायचं, तोंडाला मास्क. सर्दी-खोकला असेल तर जाऊ देत नाहीत, कारण माणसाचा साधा सर्दीचा विषाणूसुद्धा त्यांना झेपत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही. आठजणांत आमच्याबरोबर एक जर्मन म्हातारं जोडपं होतं, त्या आजींचे गुडघे माझ्याहून वाईट, पण उत्साह बघण्यासारखा.

पायथ्याला पोर्टर उभे असतात. बॅग हलकी असली तरी पोर्टर घ्याच, असं मी हात जोडून सांगते. दहा-वीस डॉलर त्याच्या घरात जातात, आणि चिखलात पाय घसरला की त्याचा हातच कामाला येतो. माझा पोर्टर निळ्या डगल्यातला, गमबूट घातलेला पस्तिशीतला माणूस. थोडं इंग्रजी येत होतं, अडलं तिथं गाईड सांगायचा. चालता चालता तो बोलला की त्याचे वडील ह्याच जंगलात फासे लावायचे. फासे हरणासाठी, पण त्यात गोरिलाच्या पिल्लांचे हात अडकायचे आणि तारेनं हात सडून जायचे. "घरी आम्ही सात भावंडं, खायला काय होतं?" एवढंच म्हणाला. आता तो महिन्यातून ठरलेल्या पाळीनं बॅगा उचलतो, बाकी दिवस बटाटा. उद्यानाच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा आजूबाजूच्या गावांना मिळतो, २०१७ पर्यंत तो ५ टक्के होता. त्याच्या गावाला त्यातून पाण्याची टाकी आणि शाळेच्या खोल्या झाल्या, म्हणून दुसरे कोण फासे लावायला गेले तर गावच त्यांना अडवतं.

मला आमच्याकडची भरपाईच्या कागदांची पिशवी घेऊन हेलपाटे घालणारी माणसं आठवली. जंगल राखा म्हणून जो माणूस रोज ऐकून घेतो त्याच्या ताटात त्या जंगलातलं काय पडतं? भीमगडच्या पोटातल्या वाड्यांतली पोरं गोव्याला आणि पुण्याला कामाला जातात. त्यांच्याइतकं ते रान कोणाला माहीत आहे, शेकरूचं घरटं कुठं, धनेश कुठल्या झाडावर येतो, सगळं त्यांना तोंडपाठ. हे सगळं बोलून दाखवावं असं वाटलं पण चढ इतका की श्वासच पुरेना.

बांबूचा पट्टा दीडएक तासात संपला. त्यानंतर खाजकुयलीहून जहाल अशी झाडं, पँटच्या कापडातूनसुद्धा डसतात. जाड हातमोजे आणि पायमोज्यात खोचलेली पँट, हे विसरू नका. मग एका जागी ट्रॅकर उभे दिसले. ते पहाटेच येऊन गोरिला रात्री झोपले होते तिथून माग काढत पोचलेले असतात. बॅगा, काठ्या सगळं पोर्टरजवळ ठेवून आम्ही मास्क लावले. गाईडनं घसा खाकरल्यासारखा खालच्या पट्टीत आवाज काढला, दोनदा. झाडीतून तसाच आवाज परत आला.

पहिल्यांदा दिसला तो हात. नुसता हात, वेल खाली ओढणारा. मग वेल हलली आणि मागं एक मादी, तिच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू, केस सगळे उभे राहिलेले, आमच्याकडं टक लावून बघणारं. जरा पुढं दोन दांडगी पोरं एकमेकांना चावत उतारावरून गडगडत खाली आली, ती थेट आमच्या पायाशी, गाईडनं आम्हाला पटकन मागं सरकवलं. आणि उजव्या हाताला, आम्ही ज्याला झुडूप समजत होतो ती नराची पाठ होती. रुपेरी.

तो बसून रानातली सेलरी खात होता. मी त्याचे हात बघत राहिले. उसाचं कांडं सोलावं तशी दातानं साल ओढायची, बाजूला टाकायची, आतला पांढरा गर तेवढा चावायचा. नखं आपल्यासारखीच, चपटी, काळी, एका अंगठ्याचं टोक तुटलेलं. बोटांच्या पेरावरची कातडी फाटून जाड झालेली, कारण चालायचं त्याच्यावरच. चावायचा आवाज स्पष्ट येत होता आणि घामाचा उग्र वास. मधेच त्यानं मोठा ढेकर दिला. मग माझ्याकडं बघितलं, सरळ डोळ्यात, आणि नजर काढून परत पुढची सेलरी उपटली. माझे डोळे भरून आले होते, का ते मला सांगता येणार नाही. नवरा कॅमेरा गळ्यात अडकवून नुसता उभा होता, त्याचे फोटो एकूण बाराच निघाले.

ट्रॅकर प्रत्येकाला नाकावरच्या रेषांवरून ओळखतात, प्रत्येकाच्या वेगळ्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगाच्या सगळ्या डोंगरांत मिळून जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. २०१५-१६ च्या गणनेत तेच ६०४ निघाले, आणि युगांडातल्या ब्विंडीचे धरून जगातले डोंगरी गोरिला हजाराच्या वर गेले. मधल्या काळात १९९४ चा नरसंहार झाला, युद्ध झालं, ह्याच जंगलातून सैनिक आणि निर्वासित गेले. तरी वाढले.

वेळ संपली असं गाईडनं सांगितलं तेव्हा जर्मन आजी म्हणाल्या अजून पाच मिनिटं, त्यानं मान हलवली. मला ते आवडलं. नियम म्हणजे नियम.

मंगळवार : बिसोके

पाय भरून आले होते तरी बिसोके चढायला गेलो, ३७११ मीटर, ७५ डॉलर. बरोबर बंदूकवाले सैनिक असतात, म्हशी आणि हत्तींसाठी. हा चढ सोपा नाही, चिखलात पोटरीपर्यंत पाय रुततो, आणि तीन हजार मीटरच्या वर गेलं की दर वीस पावलांना थांबावं लागतं. आपल्याकडं चोर्ल्याच्या रानात किंवा भीमगडावर चालायची सवय असेल तर पाय साथ देतात, फुप्फुसाला मात्र वेगळी तयारी हवी. शेवाळाच्या दाढ्या लोंबणारी हाजेनियाची म्हातारी झाडं, त्याच्या वर माणसापेक्षा उंच लोबेलिया, असलं झाड मी जन्मात बघितलं नव्हतं.

वर ढग. विवरातलं तळं दिसेना. डब्यातला भडंग काढला, सैनिकाला दिला, त्यानं आधी वास घेतला, मग एक घास, मग ओंजळ पुढं केली. तिखट लागलं तरी थांबला नाही. तेवढ्यात वारा आला आणि तळ्याचा अर्धा भाग उघडा पडला, हिरवट काळं पाणी, पलीकडचा काठ काँगोचा. दोन मिनिटांत परत झाकलं. आमच्याबरोबरच्या काहीजणांना हळहळ वाटली, मला अर्धं तळंपण पुष्कळ झालं.

उतरायलापण बराच वेळ लागतो, गुडघ्याला पट्टा बांधा आणि निम्मं पाणी परतीसाठी ठेवा. संध्याकाळी मुसांझेत बटाटा, राजम्यासारखी उसळ, कसाव्याच्या पानांची भाजी आणि चपाती, हो, तिथं चपातीलाच चपाती म्हणतात. शाकाहारी माणसाची कुठं अडचण होत नाही. मांसाहार करणाऱ्यांनी निखाऱ्यावरचं बोकडाचं मटण सोडू नये, नवरा दोन सळया संपवून तिसरी मागवत होता.

बुधवार : परत

किनिगीला डायन फॉसी गोरिला फंडाचं नवं केंद्र आहे, २०२२ मध्ये झालेलं. गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन फॉसी बाईंनी १९६७ साली कारिसिंबी आणि बिसोकेच्या मधल्या खिंडीत तंबू ठोकला आणि मधली काही वर्षं सोडली तर शेवटपर्यंत तिथंच काम केलं. त्यांचा लाडका डिजिट नावाचा गोरिला १९७७ च्या शेवटच्या दिवशी शिकाऱ्यांनी मारला, १९८५ च्या डिसेंबरात त्यांचाच खून झाला, आणि त्यांना डिजिटच्या शेजारी पुरलं. त्या नसत्या तर हे प्राणी उरले नसते, हे मला मान्य आहे. पण त्यांचं गुराख्यांशी आणि फासे लावणाऱ्यांशी उघड वैर होतं. आज गोरिला वाढतायत ते त्याच फासेवाल्यांच्या पोरांच्या हातून, हेपण तितकंच खरं. आणि एक हिशोब अजून बाकी आहे. जंगलातच राहणारे बट्वा लोक, त्यांना बाहेर काढलं गेलं आणि त्यांच्यातले बरेचजण आजही भूमिहीन आहेत. केंद्रातल्या मुलीला मी त्याबद्दल विचारलं, तिनं टाळाटाळ केली नाही, म्हणाली हे काम अपुरं आहे. आमच्याकडं भीमगडातल्या वाड्या बाहेर आणायच्या चालल्यात, म्हणून मी तिला बरंच खोदून विचारलं, जमीन कोणाच्या नावावर होते, बायकांच्या नावावर होते का, कामं कोणाला मिळतात. तिनं वहीत माझा ईमेल लिहून घेतलाय.

किगालीच्या वाटेवर दुधाच्या दुकानात थांबलो. तिथं बसून लोक मोठमोठे पेले भरून आंबट घट्ट दूध पितात, बरोबर मांदाझी, म्हणजे पिठाचे तळलेले गोडसर गोळे. पुतण्यानं उरलेल्या कुंद्याचा बॉक्स काउंटरवर उघडला आणि मालकिणीला चव बघायला दिली. तिनं खाल्लं, डोळे मोठे केले, आणि हे दूध आटवून करतात का म्हणून कृती विचारली. पुतण्या म्हणाला, "काकू, सांग की हिला, मी भाषांतर करतो." मग तिथंच उभं राहून दूध किती आटवायचं, दही कधी घालायचं, साखर करपवायची कशी, सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात करून बघते आणि फोटो पाठवते म्हणालीय.